काठोकाठ भरलेले फुलपात्र

एका बंदराच्या गावी विष्णुपंत खांबेटे नावाचे डोळ्यांचे डॉक्टर राहत असत. ते मोतीबिंदू काढीत. त्यांच्या हातून कोणा ना कोणाला दृष्टी आली नाही, असे घर त्या किनाऱ्यावर विरळच.

त्यांचा एक नेम होता. शस्त्र उचलण्यापूर्वी ते स्नान करून देवापुढे बसत आणि काठोकाठ भरलेले फुलपात्र उजव्या तळहातावर धरीत. पाणी स्थिर राहिले तरच शस्त्रक्रिया. एक थेंब सांडला तरी पेटी बंद. मग रोगी कितीही लांबून आलेला असो. हा नेम त्यांना गुरूंनी घालून दिला होता. गुरू म्हणत, "थकलेला हात हा देवाने थांबवलेला हात समजावा."

त्या काळी डोळ्याचे शस्त्रकर्म ही रोगी आणि डॉक्टर दोघांनाही शिक्षाच असे. धट्टेकट्टे गडी रोग्याला दाबून धरीत. तो किंचाळे, आणि त्याच्या उघड्या डोळ्यात विष्णुपंतांनी शस्त्र घालावयाचे. दिवस मावळला तरी त्या किंकाळ्या त्यांच्या कानांतून जात नसत. घरात त्यांची थोरली बहीण अक्का होती. आईमागे तिनेच त्यांना वाढवले होते. अशा दिवशी ती ताट झाकून ठेवी आणि काही विचारीत नसे.

पुढे एके वर्षी आगबोटीने कोकेन आले. सातासमुद्रापलीकडच्या डोंगरांत लोक एका झुडपाची पाने चघळून ओझी वाहतात. त्या पानांतून विद्वानांनी ही पांढरी पूड काढली होती. ती पाण्यात विरघळवून थेंबभर डोळ्यात घातली की डोळा बधिर होई. पहिल्याच दिवशी शस्त्र चालू असता रोगी शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, सुरुवात कधी करणार?" विष्णुपंतांना गहिवरून आले. त्यांनी देवापुढे एक निरांजन अधिक लावले. त्यात वावगे काहीच नव्हते.

वार्ता पसरली. गलबते भरभरून आंधळी माणसे येऊ लागली. ओसरी पुरेना, अंगण पुरेना. विष्णुपंत थकले. फुलपात्रातले पाणी वरचेवर सांडू लागले आणि दारात आलेली माणसे रडत परत जाऊ लागली. त्यांना परत पाठवणे डॉक्टरांच्या जिवावर येई.

पुडीच्या बाटलीबरोबर कारखानदाराचा छापील कागद आला होता. ही पूड थकवा घालवते, भित्र्याला धीर देते, अफूची सवयही मोडते, असे त्यावर होते. एका सकाळी बऱ्या झालेल्या रोग्याने रिवाजाप्रमाणे आणलेला विडा विष्णुपंतांनी उलगडला, त्यात चिमूटभर पूड घातली आणि तो तोंडात टाकला. जीभ बधिर झाली. थकवा कोणी हाताने उचलून न्यावा तसा गेला. 'रोग्यांसाठीच तर घेतो,' असे त्यांनी मनाशी म्हटले. त्या दिवशी अंगणातला एकही माणूस परत गेला नाही.

काही महिने गेले. एकदा पाणी पुन्हा सांडले. हात हलला असे मात्र विष्णुपंतांना वाटले नाही. भांड्याचे बूडच वाकडे असावे, असे म्हणून त्यांनी फुलपात्र कोनाड्यात पालथे घातले. विडा तेवढा चालू राहिला.

धक्क्यावरचे हमालही थकतच होते. दया येऊन त्यांनाही विष्णुपंतांनी चिमूट चिमूट पूड दिली. ते पाहून नाक्यावरच्या लाडकू तांबोळ्याने चोरटा माल मिळवला आणि विड्यात घालून विकू लागला. जिभेला मुंग्या आल्या म्हणजे माल खरा, एवढी पारख सगळ्यांना आली. हमालांचे गाल बसले. बायकांच्या गळ्यांतली डोरली मोडीत गेली. विष्णुपंत रागाने नाक्यावर गेले.

"लाज नाही वाटत? गाव बुडवतोस!"

लाडकूने पानाला चुना लावता लावता वर पाहिले. "डॉक्टरसाहेब, तुमच्या तोंडात गेलं की औषध, आणि हमालाच्या तोंडात गेलं की व्यसन होय? आधी तुमचा विडा बंद करा. मग माझं दुकान मी आपणहून बंद करतो."

विष्णुपंत पाठ फिरवून निघाले. ते घरी आले आणि त्यांनी विडा लावला.

त्याच महिन्यात सुभान नाखव्याच्या डोळ्याचे शस्त्रकर्म झाले. सारा जन्म त्याने तारे पाहून गलबत हाकले होते. पट्टी सोडण्याच्या दिवशी त्याची सून, नातवंडे, सगळी भोवती बसली. विष्णुपंतांनी पट्टी सोडली. नाखवा हसतमुखाने वाट पाहत राहिला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "सोडा ना डॉक्टर आता. किती थट्टा करता म्हाताऱ्याची!"

विष्णुपंतांनी सुटलेली पट्टी मुठीत लपवली. मग ते खाली मान घालून म्हणाले, "दैव, नाखवा."

त्यानंतर अक्काची पाळी आली. तिचा एक डोळा लहानपणी देवीच्या रोगाने गेला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. देवाची मूर्ती तिला धुक्यातल्यासारखी दिसे. ठरल्या दिवशी ती स्नान करून पाटावर येऊन बसली आणि म्हणाली, "विष्णू, फुलपात्र धरलंस?"

"आता त्याची गरज नाही, अक्का."

"तुला नसेल. मला आहे."

विष्णुपंतांनी कोनाड्यातले फुलपात्र काढले, धुळीने माखलेले ते विसळले, काठोकाठ भरले आणि तळहातावर धरले. विडा नुकताच खाल्ला होता. अंगात उत्साह होता, मनात भीती नव्हती. तरीही पाणी हलले. काठावरून ओघळून ते मनगटावरून खाली गेले आणि त्यांच्या सोवळ्यात मुकाट्याने जिरले. आवाज झाला नाही. अक्काला दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

"हललं का रे?" तिने विचारले.

विष्णुपंतांनी देवाकडे पाहिले, मग बहिणीच्या त्या एकुलत्या एक डोळ्याकडे पाहिले. 'नाही' हा शब्द जिभेवर आलेला होता. जीभ बधिर होती, तिला काहीच जड जाणार नव्हते. पण त्यांना नाखव्याचे हसू आठवले.

"हललं, अक्का," ते म्हणाले. "फार दिवसांपासून हलतं आहे."

 अक्काने हात पुढे करून त्यांचे मनगट चाचपले. ते ओले होते. "मग पेटी बंद कर," ती म्हणाली. "आणि जेवून घे. तू किती दिवसांत पोटभर जेवला नाहीस, ते मला न बघता कळतं."

विष्णुपंतांनी पेटी बंद केली, ती पुन्हा उघडली नाही. नाखव्याच्या घरी जाऊन दैवाला लावलेला दोष त्यांनी परत घेतला. व्यसन सुटता सुटता वर्ष गेले. तो थरथराट मात्र हातात कायमचा राहिला. लाडकूने दुकान बंद केले नाही. सरकारची बंदी आली तेव्हा तो माल फळीवरून फळीखाली गेला, एवढेच. अक्कासाठी दुसऱ्या बंदराच्या डॉक्टरांना बोलावणे धाडले होते. ते पावसाळा सरल्यावर आले. तोवर मोतीबिंदू फुगून डोळ्यात काचबिंदू झाला होता, आणि त्यावर इलाज नव्हता.

पुढे रोज विष्णुपंत अक्काचा हात धरून तिला देवळात नेत. चढणीवर ती थांबून विचारी, "थकलास का रे?"

"थकलो, अक्का," ते म्हणत. आणि ती दोघे पायरीवर बसत.

तात्पर्य: दुसऱ्याची वेदना घटकाभर बधिर करणे ही दया होय, आपलाच थकवा बधिर करणे हा गर्व होय. 'थांब' म्हणणारा आतला आवाज ज्याने बंद केला, त्याच्या हाती देवाने दिलेले औषधही विष ठरते.