लोण्याचे लाल डोळे

एक होता पिटुकला ससा. नाव त्याचं लोण्या. अंग पांढरंशुभ्र, डोळे जन्मापासून लाल.

आज शाळेची घंटा वाजवायची पाळी लोण्याची. टुणुक टुणुक गेला शाळेत. बघतो तर दाराला कुलूप.

"कुलूपदादा, कुलूपदादा, उघड. कुलूप उघडेल, मग मी घंटा वाजवीन."

कुलूप म्हणालं, "बाई किल्ली लावतील, मग उघडेन."

टुणुक टुणुक, शेळीबाईंकडे.

"बाई, बाई, किल्ली लावा. बाई किल्ली लावतील, मग कुलूप उघडेल. कुलूप उघडेल, मग मी घंटा वाजवीन."

बाई म्हणाल्या, "मनीचे डोळे आलेत, बाळा, म्हणून शाळा बंद. मनी डोळे उघडेल, मग किल्ली लावीन."

मनी म्हणजे मांजरीचं पिल्लू. वर्गात लोण्याच्या शेजारीच बसायची.

टुणुक टुणुक, मनीकडे.

"मनी, मनी, डोळे उघड. मनी डोळे उघडेल, मग बाई किल्ली लावतील. बाई किल्ली लावतील, मग कुलूप उघडेल. कुलूप उघडेल, मग मी घंटा वाजवीन."

मनी म्हणाली, "चिकटलेत रे. मैनाताई थेंब टाकतील, मग उघडेन."

टुणुक टुणुक, मैनाताईकडे. मैनाताई शाळेची नर्स.

"ताई, ताई, थेंब टाका. ताई थेंब टाकतील, मग मनी डोळे उघडेल. मनी डोळे उघडेल, मग बाई किल्ली लावतील. बाई किल्ली लावतील, मग कुलूप उघडेल. कुलूप उघडेल, मग मी घंटा वाजवीन."

मैनाताई म्हणाली, "मनीचे डोळे आले, बदकाचे आले, करडाचे आले. पण पहिले कुणाचे आले? तो तसाच राहिला, तर पुन्हा सगळ्यांचे येतील. पहिला सांगेल, मग थेंब टाकीन."

लोण्याला सोमवार आठवला.

सोमवारी त्याचे डोळे खाजत होते. चुरचुर, चुरचुर. सांगितलं तर पाळी जाईल, म्हणून तो बोललाच नाही. लाल डोळे लालच दिसले. कुणाला कळणार? वर मनीच्याच रुमालाने पुसले.

फार वाईट वाटलं त्याला. कान खाली पडले.

"ताई, पहिले माझे आले."

मैनाताईने थेंब टाकले, टप टप. आधी लोण्याला, मग सगळ्यांना.

ताईने थेंब टाकले, मनीने डोळे उघडले. मनीने डोळे उघडले, बाईंनी किल्ली लावली. बाईंनी किल्ली लावली, कुलूप उघडलं. कुलूप उघडलं, घंटा वाजली. टण टण टण.

पण वाजवली मनीने. लोण्याला ताईने घरी पाठवलं होतं. लपवलेलं दुखणं उशिरा उतरतं. खिडकीशी बसून त्याने घंटा ऐकली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस.

चौथ्या दिवशी टुणुक टुणुक शाळेत.

मनी म्हणाली, "वाजव ना. तुझी पाळी राहिलीय."

लोण्या आधी मैनाताईपुढे उभा राहिला.

"ताई, डोळे बघा."

मैनाताईने नीट बघितले.

"लाल आहेत," ती म्हणाली. "पण आलेले नाहीत. तुझेच आहेत."

मग लोण्याने घंटा वाजवली.

टण. टण. टण.