डाव्या कुशीतली सुई

"त्या माणसाला बसायला कुणी सांगितलं नाही का?"

नागेशगिरी बाबांनी हे विचारलं तेव्हा मठाच्या ओसरीत तिघंच होती. बाबा, त्यांचा शिष्य अच्युत आणि दर्शनाला आलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका सुलभाताई.

बाबा कोपऱ्याकडे बघत होते. कोपऱ्यात कुणी नव्हतं.

"कोणता माणूस, बाबा?"

"तो काय... ओल्या धोतरानं उभा आहे. सकाळपासून."

सुलभाताईंनी एकदा कोपऱ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मग त्या उठल्या आणि त्या रिकाम्या जागेपुढे त्यांनी डोकं टेकवलं. बाबांचे गुरू चाळीस वर्षांपूर्वी कयाधू नदीत स्नानाला उतरले ते वर आलेच नाहीत, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

अच्युतच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. असा दिवस आपल्या सेवेच्या काळात उगवला, याचा.

बाबांना कंपवात जडून नऊ वर्षं झाली होती. गोळीचा अंमल असेतो माणूस माणसात असायचा, अंमल उतरला की अंग लाकूड व्हायचं. शेवटी शेवटी तर गोळी लागू पडेपर्यंत दोन दोन तास जायचे. म्हणून चैत्रात डॉक्टर देशमान्यांनी पंप लावला. कमरेला डबी, डबीतून बारीक नळी, नळीच्या टोकाची सुई पोटाच्या कातडीखाली. औषध रात्रंदिवस थेंबाथेंबानं जात राहायचं. आठवडाभरात बाबा पायऱ्या उतरून नदीपर्यंत गेले, तेव्हा गाव बघायला लोटलं होतं.

सुई कशी लावायची ते दवाखान्यातल्या रोहिणी सिस्टरांनी शिकवलं होतं.

"हात साबणानं धुवा. रोज नवी जागा. आधीच्या टोचणीपासून निदान इंचभर लांब, आणि बारा दिवस तिथं परत जायचं नाही. बेंबीजवळ नको. कातडी लाल झाली, गरम लागली, गाठ आली, ताप आला, नाहीतर नसलेली माणसं दिसायला लागली, तर त्याच दिवशी मला फोन. आणि सगळं वहीत लिहायचं."

अच्युत मठात येण्याआधी हिंगोलीत कंपाउंडर होता. "अकरा वर्षं सुया टोचल्यात मी, सिस्टर," तो हसून म्हणाला.

"माहीत आहे. म्हणूनच दोनदा सांगतेय."

ओल्या धोतराची गोष्ट दोन दिवसांत चार गावांत पोचली. गुरुवारी सिस्टरांचा नेहमीचा फोन आला.

"बाबांना काही भास वगैरे?"

अच्युतनं ओसरीकडे पाहिलं. चपला पायरीखाली मावत नव्हत्या.

"नाही," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी हेच उत्तर त्याला जास्त सोपं गेलं.

डबीवर एक बटण होतं. अंग अचानक आखडलं तर थोडं जादा औषध द्यायला. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे रोजचं नाही, वरचेवर लागू लागलं तर कळवा. अच्युत ते दर्शनाच्या वेळेआधी दाबू लागला. बाबा ताठ बसायचे. आवाज मोकळा व्हायचा. डोळ्यांत तेज यायचं. आणि कोपऱ्यात माणसं वाढायची. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. औषध वाढतं तशी ही गर्दी वाढते, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही.

एका दुपारी बाबांनी त्याला जवळ बोलावलं.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"काय?"

"मला दिसतं ते."

"बाबा, ते दर्शन आहे."

बाबा काहीतरी पुटपुटले. त्यांचा आवाज आजारानं आधीच बारीक झालेला. अच्युतला कान जवळ न्यावा लागला.

"चाळीस वर्षं मी त्यांची वाट पाहतोय... ते आले असते तर मी ओळखलं नसतं?"

"मग हे कोण आहेत?"

बाबांनी कमरेच्या डबीवर बोट टेकवलं.

"यातून येतात."

अच्युतनं मान डोलावली. उद्या फोन करू, त्यानं ठरवलं. मग ठरवलं, श्रावण जाऊ दे.

श्रावणात उसंत नव्हती. बाबा लोडाला उजवीकडे रेलून बसायचे, म्हणून सुई डाव्या कुशीतच बरी पडायची. नळी उपरण्याखाली झाकली जायची. इंच मोजायला वेळ कुणाला होता? तळहाताएवढ्या जागेतच तो फिरत राहिला. तिथं आधी गुंजेएवढी गाठ आली, मग सुपारीएवढी.

"तिथं जळतंय रे," बाबा म्हणाले.

"उद्या बाजू बदलतो, बाबा."

दोन दिवसांनी ते पुन्हा म्हणाले. त्यानं पुन्हा उद्या म्हटलं.

श्रावणातला शेवटचा सोमवार. ओसरी भरलेली. बाबांचं अंग थडथडत होतं. अच्युतला वाटलं, कंप आहे. त्यानं बटण दाबलं.

एक बाई पुढे आली. चाळिशीची, कपाळ मोकळं, हातात शाळेच्या गणवेशातल्या मुलाचा फोटो.

"बाबा, माझा पंकज... विहिरीत गेला. दोन वर्षं झाली." तिनं कोपऱ्याकडे हात केला. "तिथं बुडालेली माणसं येतात म्हणतात. तो आलाय का बघा ना. नुसतं आलाय म्हणा."



बाबांनी कोपऱ्याकडे पाहिलं. पाहत राहिले. तिथं त्यांना काय दिसत होतं ते त्यांनाच ठाऊक.

"नाही, माय. तिथं तुझं लेकरू नाही."

"नीट बघा ना..."

"तिथं कुणीच नाही."

मग बाबांनी दोन्ही हातांनी कफनी धरली आणि छातीपर्यंत वर उचलली.

डावी कूस जांभळी-लाल झाली होती. फुगून चकाकत होती. सुईच्या कडेनं पू ओघळला होता. पुढच्या रांगेतल्या बायकांनी नाकाला पदर लावले.

"दर्शनाला आलात ना," बाबा म्हणाले. "घ्या."

मग ते शिष्याकडे वळले.

"अच्युत, वही आण."

त्यानं वही आणली.

"वाच. मोठ्यानं."

"बाबा..."

"वाच."

"सोमवार. डावी बाजू. ठीक." अच्युतनं ओळीवर बोट धरलं. "मंगळवार. डावी बाजू. ठीक. बुधवार..."

"पुढे."

"बुधवार. डावी बाजू. ठीक. भास... नाहीत."

त्यानं आठ दिवसांचं वाचलं. आठव्या 'ठीक'ला फोटोवाली बाई उठली. तिनं फोटो पदराखाली घेतला आणि कुणाच्या पायांना हात न लावता पायऱ्या उतरून गेली.

अच्युतनं बाबांच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. घाबरून तो पंप बंदच करायला निघाला होता. पण आधी त्यानं सिस्टरांना फोन लावला आणि जे जे लपवलं होतं ते सगळं एका दमात सांगून टाकलं.



"मशीन एकदम बंद करू नका," सिस्टर म्हणाल्या. "औषध एकाएकी तोडलं तर आणखी बिघडेल. फोन ठेवू नका, डॉक्टरांना विचारते." मग त्यांनी डॉक्टरांचा निरोप सांगितला. ती सुई काढा, नवी सुई उजव्या बाजूला लांब लावा, बटणाला हात लावू नका, आणि याच पावली निघा.

गळू कापावं लागलं. विष रक्तात उतरलं होतं. चार दिवस बाबा शुद्धीत नव्हते. शुद्धीवर आले तेव्हा देशमान्यांनी औषधाची मात्रा कमी केली. कोपऱ्यातल्या पाच माणसांचा एकच उरला, मग तोही गेला. त्याबरोबर पायही गेले. बाबांना आता कुशीवर वळवायला दोघं लागत. घास गिळताना ठसका लागे.

अच्युत खाटेशी बसून असायचा. मठातून कुणी येत नव्हतं. कोपरा रिकामा झाला तशी ओसरीही झाली होती.

"डॉक्टर," त्यानं एकदा दारात गाठून विचारलं, "मात्रा थोडी वाढवली तर चालतील का हो ते?"

"थोडं चालतील. ती माणसं परत येतील. त्यांनाच विचारा."

अच्युतनं विचारलं. बाबांनी डोळे मिटून घेतले आणि मान नकारार्थी हलवली. एवढंच.

सोळाव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. रोहिणी सिस्टर नवी सुई घेऊन आल्या.

"घरी कोण करणार?"

"कुणालाही शिकवा," अच्युत म्हणाला. "मी नाही. माझी लायकी नाही."

बाबांनी उशीवरून बोट उचललं आणि त्याच्याकडे केलं. सिस्टर बाजूला सरकल्या.

अच्युतनं हात धुतले. पुन्हा धुतले. पट्टीनं बेंबीपासूनचं अंतर मोजलं, आधीच्या प्रत्येक खुणेपासूनचं मोजलं. उजव्या बाजूची कातडी बोटांनी चाचपली. मऊ होती, गार होती. त्यानं ती पुसून वाळू दिली. सुई उचलली.

आणि थांबला.

"बाबा... सिस्टरांना करू द्या."

"का?"

"माझा हात कापतोय."

बाबांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. 

"कापतोय?"

"हो. आजवर कधी कापला नव्हता."

"मग टोच."