दुसरा नारळ

एका खाडीच्या मुखाशी एकदा एक वृद्ध तांडेल राहत असे. अलीकडची माणसे पलीकडे न्यावीत आणि पलीकडची अलीकडे आणावीत, हे काम त्याने चाळीस वर्षे केले. एवढ्या काळात त्याची होडी एकदाही वाळूला लागली नव्हती. पंचविशीतला एक शिष्य सहा वर्षांपासून त्याच्या हाताखाली होता. शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला चांगले ठाऊकही होते.

तांडेलाने शिकवलेल्या सगळ्या खुणा त्याला तोंडपाठ होत्या. देवळाची दीपमाळ आणि मागचा उंच माड एका रेषेत आले की होडी वळवायची, म्हणजे खाली खोल पाणी मिळते. झोपेतून उठवून विचारले असते तरी त्याने हे बिनचूक सांगितले असते.

पावसाळाभर होडी बंद असे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून ती पुन्हा सुरू होई. त्या दिवशी तांडेल घरून दोन नारळ घेऊन निघे. एक समुद्राला देई. दुसरा मात्र ओहोटीच्या वाळूत तिसऱ्या-शिंपल्या वेचणाऱ्या एका म्हातारीच्या हातात ठेवी, डोक्याचे मुंडासे काढून तिच्यासमोर उकिडवा बसे आणि बराच वेळ बोलत राही. शिष्य तेव्हा होडी धूतपुसत असे. साऱ्या खाडीत मान असलेला माणूस एका टोपलीवालीपुढे असा का बसतो, याचे त्याला नवल वाटे आणि थोडी लाजही वाटे. म्हातारपणी माणसाला बोलायला कोणीतरी लागते, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

त्या वर्षी तांडेलाचा खांदा धरला. पौर्णिमेच्या सकाळी त्याने दोन्ही नारळ शिष्याच्या हाती दिले.

"आजची पहिली खेप तू ने. नीट झाली, तर होडी तुझी. पण दुसरा नारळ त्या बायला दे, आणि यंदा पाणी कुठं आहे ते तिला विचारून घे."

सहा वर्षे ज्याची वाट पाहिली ते समोर आले होते. पण धक्क्यावर निम्मे गाव जमले होते. ज्याच्या हाती होडी सोपवली तोच वाट विचारत बसला, तर लोक काय म्हणतील? शिष्याने नारळ म्हातारीच्या टोपलीत टाकला, "घे आजी, सणाचा," एवढे म्हणाला आणि वळला.

"अरं, जरा ऐक तरी," म्हातारीने मागून हाक मारली. ती त्याला ऐकू आली, पण त्याने मान वळवली नाही.

"विचारलंस?" तांडेलाने विचारले.

"विचारलं, काका."

होडीत दहा-बारा माणसे बसली. त्यांत एक तरुण आई होती. तिच्या मांडीवरचे मूल तापाने फणफणले होते आणि वैद्य पलीकडच्या गावात राहत होता. ओहोटी लागलेली होती. ती पुरती होण्याआधी पोचणे भाग होते, कारण मग पुढचे चार तास होडी हलत नसे.

दीपमाळ आणि माड एका रेषेत आले. शिष्याने मोठ्या ऐटीत होडी वळवली. दोन वल्ही मारली नाहीत तोच बुडाखाली खरखर झाली आणि होडी थांबली. त्याने वल्हे रोवून रेटले. होडी तसूभर सरकेना. पाणी तर डोळ्यांदेखत उतरत होते.

"काय झालं, दादा?" आईने विचारले.

"काही नाही, ताई," तो म्हणाला. आणि त्याने वल्हे पुन्हा रोवले. मूल आता रडतही नव्हते. तांडेलाशी बोललेले ते खोटे शिष्याला आठवले, आणि हे मूल दगावले तर ते त्या खोट्यामुळेच, हेही त्याला कळले.

तेवढ्यात मागून चुबुक चुबुक आवाज आला. म्हातारी कासोटा खोचून, कमरेला टोपली लावून, थेट धक्क्यापासून चालत आली होती. जिथे होडी बुडेल एवढे पाणी असायचे, तिथे तिचा गुडघाही भिजला नव्हता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे शिष्याला झाले. पण धरणी पाण्याखाली निवांत पसरली होती.

"यंदाच्या पुरानं समदी रेती हिकडं आणून टाकलीय," म्हातारी म्हणाली. "पाणी गेलंय त्या अंगाला. लेकुरवाळीला बसू दे, बाकीची उतरा."

होडी हलकी झाली. सगळ्यांनी मिळून रेटली. म्हातारी तळव्यांनी तळ चाचपत पुढे चालली आणि होडी तिच्या मागोमाग निघाली. पाणी मांडीला लागल्यावर तिने सगळ्यांना परत चढायला सांगितले आणि एका काळ्या खडकाकडे बोट केले. "आता सरळ त्याच्याकडं ने."

मूल वैद्याच्या घरी वेळेत पोचले आणि वाचले.

परत आल्यावर शिष्याने तांडेलाच्या पायांपाशी वल्हे ठेवले. "मी विचारलं नव्हतं, काका. खोटं बोललो."

तांडेल म्हणाला, "मी सांगितलेल्या खुणा खऱ्या होत्या, पण त्या गेल्या वर्षीच्या. देऊळ हलत नाही, माड हलत नाही, तळ मात्र दर पावसाळ्यात हलतो, कधी मोठ्या उधाणानंही. मी चाळीस वर्षं या पाण्यावरून फिरलो. ती चाळीस वर्षं या तळावर चालते आहे. तिची सासू होती तोवर सासूला विचारायचो, मग हिला. मला अनुभवी समजून तू सहा वर्षं मला विचारत आलास. मी कोणाला विचारतो, ते एकदाही पाहिलं नाहीस."

एवढे बोलून त्याने वल्हे उचलले. पुढचे पंधरा दिवस दुखरा खांदा घेऊन तो स्वतःच होडी वल्हवत राहिला. शिष्य शेजारी बसून राही. त्याला ते फार लागले.

अमावास्येचे मोठे उधाण येऊन गेले. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर लोक होडीत बसू लागले, तेव्हा शिष्य कोणी न सांगता वाळूत उतरला. म्हातारीसमोर जाऊन त्याने डोक्याचा रुमाल काढला आणि उकिडवा बसला.

"आजी, उधाणानं पाणी कुठं गेलं गं?"

धक्क्यावर कोणीतरी फिदकन हसले. "आता तारूवाल्यालाच वाट विचारावी लागते?"

शिष्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण तो उठला नाही. म्हातारीने वाळूत बोटाने रेघ ओढली. ती त्याने नीट पाहून घेतली, कळली नाही तिथे पुन्हा विचारले. तो परत आला तेव्हा तांडेल होडीत मागच्या फळीवर सरकून बसला होता आणि वल्हे पुढच्या जागेवर ठेवलेले होते.

ती तरुण आई बाळाला कडेवर घेऊन अजून धक्क्यावरच उभी होती. बाळाचे औषध आणायला तिला पलीकडे जायचे होते.

"बसा ना, ताई," शिष्य चाचरत म्हणाला. "का थांबलात?"

"तुम्ही तिला विचारता का, ते बघत होते," ती म्हणाली, आणि बाळाला सांभाळत सगळ्यांत पुढे जाऊन बसली.