साळूताईंचा अभ्यासक्रम

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका रानात एक साळू राहत असे. अंगभर काटे असले तरी स्वभावाने ती भिडस्त होती. कुणाला नाही म्हणणं तिला जमत नसे. नेमकं तिलाच रानाने नव्या महाविद्यालयाची प्रमुख नेमलं आणि तिथे काय शिकवायचं तेही तिनेच ठरवावं असं सांगितलं. तिचं स्वतःचं पिल्लू पहिल्याच तुकडीत बसणार होतं, त्यामुळे तिला मोठी हौस वाटली.

हौस फार टिकली नाही. नृत्याशिवाय शिक्षण कसलं, असं म्हणून मोर पिसारा फुलवून समोर उभा राहिला. तारे ओळखणं सक्तीचंच हवं, म्हणून घुबडाने डोळे वटारले. कासवाला रानाचा इतिहास शिकवायचा होता, तोही अगदी मुळापासून आणि सावकाश. ज्याला जे येत होतं, ते त्याला पोरांसाठी अत्यावश्यक वाटत होतं. साळू मोराचं ऐकून मान डोलवी, घुबडाचं ऐकूनही डोलवी. कुणाचं खरं मानावं हेच तिला कळेना, म्हणून शेवटी तिने सगळंच घेतलं. पिल्लं अंधार पडता पडता घरी येत आणि जेवताना पेंगत. वणव्याचा विषय मात्र कुणीच मागितला नव्हता. तेवढं आया शिकवतातच, असं म्हणून साळूनेही तो सोडून दिला.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी खालच्या उतारावरचं गवत पेटलं. मोर आणि घुबड उडून गेले, कासव डबक्यात शिरलं. पिल्लं तेवढी ओळीत बसून राहिली, कारण तास सुटला नव्हता. साळू धापा टाकत पोहोचली, तेव्हा तिचं पिल्लू धुराकडे बघत होतं.

"आई, हे कोणत्या विषयात येतं?"

साळू चक्रावली. "अरे, वणवा आला की कुठे पळायचं, ते घरी नाही का शिकलास?"

"घरी तूच असतेस ना? तू म्हणालीस, काय ते महाविद्यालयात शिकवतील."

आता साळूला आपली चूक उमगली. प्रमुख म्हणून तिने हे काम आयांवर सोडलं होतं आणि आई म्हणून महाविद्यालयावर. तिने काटे खडखडवले आणि सगळ्या पिल्लांना वरच्या उघड्या कातळावर पिटाळलं; तिथे गवत नव्हतं, म्हणून आग खालीच थांबली. सशाच्या पिल्लाचे कान होरपळले, साळूचे मागचे काटे जळाले, पण सगळी वाचली.

पुढच्या सत्राआधी शिक्षक पुन्हा जमले आणि मोराने पुन्हा पिसारा फुलवला. साळूचा गोंधळ अजून पुरता गेला नव्हता, पण या वेळी तिने मान डोलावली नाही.

"तुम्हाला काय येतं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "इथून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला काय करता आलं पाहिजे, ते सांगा."

मोराने पिसारा मिटून घेतला. मग कासवाने चाचरत सांगितलं, की आजवरचे वणवे कुठून आले आणि कुठे थांबले, ते त्याला आठवतं. पहिला तास त्याचाच ठरला. तो कातळावर भरला, आणि साळूने आयांनाही बोलावलं. पुढच्या रांगेत ती स्वतः आपल्या पिल्लाशेजारी बसली होती.

तात्पर्य : शिकणाऱ्यावर कोणती वेळ येणार आहे हे आधी पाहावं, मग काय शिकवायचं ते ठरवावं; आणि दुसरं कुणी शिकवेलच असं जे वाटतं, ते सर्वांत आधी शिकवावं.