पोशाचा कातळ

नांदोळच्या चर्चमध्ये चांगले बाक आहेत, तरी गुड फ्रायडेच्या दुपारी सारा गाव खाडीकाठच्या या उघड्या कातळावर येऊन बसतो. इथं कुणी गुडघे टेकत नाही. पाहुण्यांनी कारण विचारलं, की बस्त्यावबाबा काठी बाजूला ठेवून सांगू लागतात.

फिरंगी यायच्या फार आधी, म्हणे, योहानान नावाचा उपदेशक गलबतातून इथं उतरला. होड्या बांधणारा पोशा त्याचा पहिला शिष्य. मरताना योहानाननं पोशाचा हात धरला. "या माणसांना सोडू नकोस," एवढंच म्हणाला. पोशानं शब्द दिला.

दोन वर्षांनी तापाची साथ आली. पोशा घरोघरी आजाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करायचा, आणि पाठोपाठ त्यांनाच माती द्यायचा. मग त्याची लेक मैना अंथरुणाला खिळली. आठ दिवस तो तिच्याजवळून हलला नाही. येशू आजाऱ्यांना उठवतो, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. शुद्ध होती तोवर ती विचारत राहिली, "बा, तो कधी येणार?"

नवव्या दिवशी सकाळी ती गेली.

दुपारी उरलीसुरली माणसं नेहमीप्रमाणे कातळावर जमली. पोशा लेकीला पुरून तसाच आला. गुडघे टेकायला वाकला आणि मटकन खाली बसला.

"तो ऐकतो की नाही, मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "तुमच्याशी खोटं बोलवत नाही. घरी जा."

कुणी उठलं नाही. दोन मुलगे गमावलेली गोमी म्हातारी त्याच्या शेजारी येऊन बसली.

"आम्हाला तरी कुठं ठाऊक आहे?" ती म्हणाली. "तू म्हण. आम्ही बसतो."

पोशानं प्रार्थना म्हटली. पुढं चाळीस वर्षं तो रोज ती म्हणत राहिला, असं सांगतात. शेवटच्या आजारात कुणीतरी विचारलं, कधी काही ऐकू आलं का? त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली.

आजही इथं प्रार्थना सांगणारा आधी "मला ठाऊक नाही" म्हणतो, आणि गाव "आम्ही बसतो" असं उत्तर देतो. बस्त्यावबाबांचा मुलगा समुद्रावरून परतला नाही, त्या वर्षी प्रार्थना सांगायची पाळी त्यांचीच होती. पहिलं वाक्य त्यांनी म्हटलं. पुढचं काही त्यांच्या तोंडून निघेना. दिवस मावळेपर्यंत गाव तसाच बसून राहिला.