गुणाची भिंगरी

एका जागी न बसणारं लेकरू तुम्ही कधी सांभाळलंय का?

फार वर्षांपूर्वी शेळ्या चरायला जाताना आपली करडं धोंडाई मेंढीकडे ठेवत. बाकीची करडं सांगितलं की बसत. कबरी शेळीची भिंगरी मात्र सारखी उड्या मारी.

"पोरीच्या पायात विंचू बांधलेत का गं?" धोंडाई वैतागली. "उद्यापासून तुझी तूच सांभाळ."

मग चरायला कसं जायचं? कबरी घाबरून म्हणाली, "डालग्याखाली झाक तिला, मावशी."

काही दिवस भिंगरीनं त्या पालथ्या टोपलीला आतून धडका दिल्या, मग ती गप्प झाली. पुढे तर डालगं उचललं तरी ती हलेना. "किती गुणाची झाली!" शेळ्या म्हणत, आणि कबरीला बरं वाटे.

उन्हाळ्यात खालचं गवत संपलं. आता कडा चढून वरच्या कुरणात जायचं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी करडांना चढायला लावलं, तेव्हा सगळी टणाटण खडकावर गेली. भिंगरी खालीच पाय मुडपून बसली.

"ऊठ की गं बाई!" कबरी तिला शिंगानं ढोसत होती.

"नको, मावशी रागावेल," भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप कडा चढून गेला आणि कबरी लेकीपाशी त्या उजाड रानात राहिली.