घोंगडीवाली मावशी आणि नंगी तलवार

तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही आठवणीपलीकडच्या काळी, एका माळावरच्या गावात घोंगडी विणणारी एक बाई राहत होती. सारा गाव तिला मावशी म्हणायचा. तिची धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तेव्हा तिचं तान्हं पोर मावशीने आपल्या घरी आणलं. दारात एक दुभती शेळी होती. तिच्या दुधावरच ते पोर जगत होतं.

एके दिवशी भर दुपारी, गडीमाणसं मेंढरं घेऊन लांब रानात गेलेली असताना, मावशीच्या अंगणात एक लुटारू शिरला. चांगला आडदांड होता आणि हातात नंगी तलवार!

"घरात हत्यारं काय आहेत? सगळी बाहेर टाक!" तो गरजला.

मावशीने निमूट कोयता दिला, कुऱ्हाड दिली. त्याने ती दोन्ही अंगणातल्या आडात भिरकावली आणि मिशीवर ताव दिला. आता या बाईजवळ काही उरलं नाही, असं त्याला वाटलं. वेडा कुठला!

"धान्य ने, माझ्या हातातलं कडं ने, बाबा," मावशी म्हणाली. "जिवापुढं त्याचं काय एवढं?"

"धान्य काय कच्चं खाऊ? भूक लागलीय मला. ती शेळीच कापतो!"

शेळी गेली की पोर गेलं. "शेळीला हात लावायचा नाही," मावशी म्हणाली. आवाज कापला का तिचा? मुळीच नाही.

"मग आधी तुलाच कापतो!" म्हणत तो तलवार उगारून धावला.

आता, विणलेल्या घोंगड्याला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ लावतात. त्या दिवशी अंगणात खळीचं मोठं मडकं होतं आणि शेजारी खळीत चिंब भिजलेलं घोंगडं. असली जड, ओली घोंगडी उंच दोरीवर फेकण्यात मावशीचा जन्म गेला होता. ती झटकन मागे सरली, मडकं लाथेने त्याच्या वाटेत उलटं केलं आणि घोंगडं उचलून थेट त्याच्या अंगावर फेकलं.

तलवार घोंगड्यात शिरली ती तिथंच गुंतली. ओली लोकर काय अशी सहज कापली जाते? डोळ्यांपुढे अंधार, हातावर ओझं, पायाखाली बुळबुळीत खळ! गडी धाडकन उताणा पडला. मावशीने अंगणातल्या मागावरची जड लाकडी पट्टी घेतली आणि त्याच्या मनगटावर असा तडाखा दिला, की मूठच सुटली. तिने तलवार ओढून लांब फेकली आणि गाव दणाणून सोडला, "धावा गं बायांनो, धावा!"

शेजारणी हातातली मुसळं तशीच घेऊन धावल्या. त्यांनी त्याला घोंगड्यासकट दोराने करकचून आवळला.

संध्याकाळी पाटील आले. लुटारूला ताब्यात घेऊन ते म्हणाले, "शाब्बास, मावशी! आता घरोघरी एकेक तलवारच देऊन ठेवतो."

"नको, पाटील," मावशी म्हणाली. "आमच्या हाताला तलवारीची सवय नाही. येईल तो हिसकावून घेईल आणि आमच्यावरच चालवील. त्यापेक्षा ज्याच्या हातात रोज जे असतं, ते वेळेला कसं चालवायचं एवढं शिकू द्या."

पाटलांना ते पटलं. त्या गावात पुन्हा कुणी लुटारू फिरकला नाही आणि ते पोर चांगलं दांडगं वाढलं.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: हत्यार हिसकावून नेता येतं, पण हाताची सवय आणि डोक्यातलं भान कुणाला हिसकावता येत नाही.